टीव्हीमागचा बॉक्स

नवी नेट जोडणी घ्यायची ठरली की घरात आठवडाभर चर्चा चालते ती एकाच आकड्याची. शंभर एमबीपीएस घ्यायचं की तीनशे? ओटीटी कोण फुकट देतं? सहा महिन्यांचे पैसे एकदम भरले तर एक महिना मोफत आहे का? मग एका दुपारी शिडी आणि ड्रिल घेऊन मुलगा येतो, "कुठे लावू?" म्हणून विचारतो, आणि त्या वेळी दारात जे कोणी उभं असेल ते बोट दाखवतं. "टीव्हीमागे लावा, तिथे प्लग आहे." झालं. ज्या आकड्यावर आठवडाभर वाद घातला तो आतल्या खोलीपर्यंत पोचणार की नाही, याचा निकाल त्या एका वाक्यात लागला.

माझं म्हणणं सरळ आहे. घरातलं नेट कसं चालेल हे दोन गोष्टींवर ठरतं: बॉक्स कुठे बसला आणि त्याची किल्ली कोणाकडे राहिली. दोन्ही गोष्टी आपण दुसऱ्याच्या हाती सोपवतो आणि मग तीन-तीन वर्षं कस्टमर केअरशी भांडतो. हे थांबलं पाहिजे.

आधी जागेचं बोलू. आपल्याकडे टीव्ही असतो हॉलमध्ये, हॉल असतो घराच्या एका टोकाला आणि टीव्हीची भिंत बहुतेक वेळा बाहेरची. म्हणजे बॉक्समधून निघणाऱ्या लहरींतल्या निम्म्या रस्त्यावर किंवा शेजाऱ्याकडे. उरलेल्यांच्या वाटेत टीव्हीचा धातूचा पत्रा, सेट-टॉप बॉक्स, सनमायका ठोकलेलं युनिट. दिवा कपाटात ठेवून खोली उजळत नाही, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. वाय-फाय डोळ्यांना दिसत नाही म्हणून तेवढ्यापुरतं आपण हे विसरतो.

भिंतीचा हिशेब तर कोणी करतच नाही. पुण्या-मुंबईतल्या नव्या टॉवरांमध्ये मिवान पद्धतीचं बांधकाम असतं. विटा नाहीत, आतल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या. विटेच्या पातळ भिंतीतून जे नेट सहज पार होतं ते इथे दुसऱ्या भिंतीशी मरतं. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, वाड्यांमधल्या हातभर रुंद भिंती, यांचंही तेच. लोखंडी गोदरेज कपाट, मोठा आरसा, पाण्याचा पिंप, माशांची टाकी: यातलं काहीही बॉक्स आणि तुमच्यामध्ये आलं तर वेग पडतो. पाणी आणि धातू हे या लहरींचे सगळ्यांत मोठे शत्रू आहेत, आणि आपल्या घरात दोन्हींची रेलचेल आहे.

त्यातही लहरी दोन जातींच्या. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंती बऱ्यापैकी ओलांडते, पण तिच्यावर गर्दी भयंकर. तिच्यात एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनेलं तीनच: १, ६ आणि ११. आता मजल्यावर चार फ्लॅट असलेली बारा मजली इमारत डोळ्यांपुढे आणा. पन्नासेक बॉक्स या तीन चॅनेलांत दाटीवाटीने बोलतायत. त्यात ब्लूटूथही याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालणारा. मोबाइलवर रेंजच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो, तो यामुळे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान आहे, तिच्यावर जागाही भरपूर. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवान्याशिवाय वापरायला मोकळा केला. पण भिंत आली की ही लहर लवकर दमते. म्हणून तिचा बॉक्स माणसांच्या जवळ हवा. घराच्या मध्यावर, छातीपेक्षा उंच आणि उघड्यावर. पॅसेजमध्ये दोन बेडरूमच्या दारांमधली जागा असेल तर तिच्याइतकी चांगली जागा नाही. तिथे प्लग नसतो, हे मला माहीत आहे. प्लग काढून घ्या. इलेक्ट्रिशियन जे पैसे घेईल ते वर्षानुवर्षं वरचा प्लॅन घेत राहण्यापेक्षा कमीच असतील.

कारण इथेच तर धंदा चालतो. तुम्ही फोन करून सांगता, आतल्या खोलीत नेट येत नाही. पलीकडून गोड आवाज येतो, सर, तुमचा प्लॅन छोटा आहे, अपग्रेड करा. हे चक्क चूक आहे. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतात आणि फोर-केला १५. व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. म्हणजे चौघांच्या घरात दोन टीव्ही, एक ऑनलाइन क्लास आणि एक ऑफिसची मीटिंग एकदम चालली तरी पन्नास एमबीपीएसमध्ये सगळं बसतं. आतल्या खोलीत पोचतायत तीन, आणि विकतायत तीनशे! नळाला पाणी येत नाही म्हणून टाकी मोठी बांधायला सांगणाऱ्या प्लंबरला कोणी दुसऱ्यांदा बोलावेल का? इथे मात्र आपण मुकाट्याने पैसे भरतो.

फसवणूक ओळखायची रीत सोपी आहे. लॅपटॉप घ्या, लॅन केबलने थेट बॉक्सला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. आकडा प्लॅनच्या जवळपास आला तर कंपनीने आपलं काम केलं, दोष घरात आहे. मग तीच टेस्ट वाय-फायवर प्रत्येक खोलीत करा आणि कागदावर लिहा. केबलवरच आकडा कमी आला तर भांडायला हरकत नाही, कागद तुमच्या हातात आहे. एक लक्षात ठेवा, एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. शंभरच्या प्लॅनवर डाउनलोडच्या खिडकीत सेकंदाला १२.५ मेगाबाइट दिसले तर तो पूर्ण वेग आहे, त्यात कोणी तुम्हाला लुबाडलेलं नाही.

लुबाडणं दुसरीकडे होतं. दोनशे-तीनशेचा प्लॅन विकायचा आणि बॉक्स असा द्यायचा की त्याचं लॅन पोर्टच शंभरच्या वर जात नाही. किंवा केबल अशी द्यायची की आठाऐवजी चारच तारा जोडलेल्या. गिगाबिटला आठही तारा लागतात. चारवर गाडी शंभराला अडकते. टेस्टमध्ये आकडा ९३-९४ वर येऊन ठाम उभा राहिला, एकदाही वर गेला नाही, की समजा: पोर्ट किंवा केबल. जोडणीच्या दिवशीच विचारा, "पोर्ट गिगाबिट आहे का?" नुसता प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दिसलं तरी पुष्कळदा चांगला बॉक्स पिशवीतून बाहेर येतो.

आता त्या वायरीकडे जरा जवळून बघा. काळी, चपटी, बुटाच्या लेसएवढी. तिच्या आत काचेचा एक धागा असतो, १२५ मायक्रॉन जाड, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. प्रकाश धावतो तो त्याच्याही पोटातल्या जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. फिटर ती वायर सोलतो, धागा स्पिरिटने पुसतो, छोट्या यंत्रात ठेवून खट्कन कापतो आणि हिरव्या टोकाच्या कनेक्टरमध्ये बसवतो. हिरवा रंग शोभेचा नाही. त्या टोकाची काच आठ अंशांच्या तिरक्या कोनात घासलेली असते, म्हणजे परत उसळलेला प्रकाश उलटा आत जात नाही. निळ्या टोकाची काच अशी तिरकी नसते. निळं हिरव्यात घुसवलं की दोन काचा नीट टेकत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. टोकावर धुळीचा एक कण बसला तरी तो या गाभ्यापेक्षा मोठा असू शकतो. म्हणून ते टोक हाताने चोळायचं नाही, शर्टाला पुसायचं नाही, आणि डोळ्यांसमोर धरून "लाईट येतोय का" बघायचं तर मुळीच नाही. तो प्रकाश अवरक्त असतो, दिसत नाही, पण असतो.

आणि ती कापताना उडालेली काच! नखाएवढे, जवळजवळ न दिसणारे तुकडे फरशीवर पडतात. रांगतं मूल असलेल्या घरात हे तुकडे पडू देणं हा गुन्हा मानला पाहिजे. चांगला फिटर ते सेलोटेपला चिकटवून खिशातल्या डबीत टाकतो. तसं कोणी करताना दिसला तर त्याला पाणी विचारा, चहा पाजा, त्याचा नंबर घेऊन ठेवा.

वायर घरात येते कुठून? नव्वद टक्के वेळा, असं मी म्हणणार नाही कारण मोजलेलं नाही, पण तुमच्या इमारतीत खाली उभं राहून वर बघा: खिडकीच्या ग्रिलमधून. ग्रिलला प्लास्टिकच्या पट्ट्याने करकचून आवळलेली, कोपऱ्यावर काटकोनात मोडलेली, आणि स्लायडिंग खिडकीच्या पन्हळीतून आत घुसवलेली. पावसाळा आला, खिडकी लावली, काच दबली, बॉक्सवर लाल दिवा. काच मोडलीच पाहिजे असं नाही, नुसती जास्त वाकली तरी प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. हे बिघाड विजेचे नाहीत की पावसाचेही नाहीत, जोडणीच्या दिवशी वाचवलेल्या दहा मिनिटांचे आहेत. भिंतीला भोक पाडा, ते बाहेरच्या बाजूला खाली उतरतं असू द्या म्हणजे पाणी आत येणार नाही, वायरीला गोलाई द्या, हातभर वायर वेटोळं करून राखून ठेवा. हे सगळं फिटरला येतं. तो करत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी त्याला पैसे जोडणीमागे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत आणखी घरं उरकायची असतात. गच्चीवरून गच्चीवर वायर ओढणारी ही पोरं उन्हापावसात जीव धोक्यात घालून काम करतात. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो किती जोडण्या झाल्या एवढंच मोजणाऱ्या आणि कशा झाल्या हे कधीच न मोजणाऱ्या व्यवस्थेवर.

मोजता तर येतं. त्याच्याकडे पॉवर मीटर असतो. तुमच्या दारात प्रकाश किती पोचला हे तो डीबीएममध्ये दाखवतो. आकडा उणे असतो. उणे अठरा-वीस-बावीस म्हणजे छान. उणे सत्तावीस म्हणजे बहुतेक घरगुती बॉक्सांची शेवटची पायरी. आज चालेल, पुढच्या पावसात बंद पडेल. हा आकडा त्याला दाखवायला सांगा, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी लाइन खराब झाली तर तो फोटो दहा मिनिटांच्या वादावादीपेक्षा जास्त बोलतो.

बॉक्सवरचे दिवे वाचता आले तर निम्मी तक्रार फोनवरच मिटते. 'पॉन' स्थिर हिरवा असेल तर लाइन कंपनीपर्यंत जोडलेली आहे. तो लुकलुकत असेल तर बॉक्स पलीकडे ओळख पटवायचा प्रयत्न करतोय. 'लॉस'वर लाल लागला तर प्रकाशच येत नाही: वायर तुटली, दबली किंवा निसटली. लाल लागलेला असताना बॉक्स दहा वेळा बंद-चालू करून काहीही होणार नाही. कस्टमर केअरवरचा माणूस तरीही "रीस्टार्ट करून बघा" म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, "लॉस लाल आहे, माणूस पाठवा."

आणि एक कळकळीची सूचना. बॉक्सच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं भोक असतं, 'रीसेट' लिहिलेलं. त्यात काडी घालू नका. बटण बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि हे वेगळं. या भोकात काडी दाबून धरली की बॉक्स कारखान्यातून निघाला तसा कोरा होतो. बऱ्याच जोडण्यांमध्ये त्यात भरलेलं युजरनेम आणि पासवर्डही पुसला जातो, आणि मग माणूस येईपर्यंत घर नेटाविना. आईवडील गावी, मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, आणि तिकडून व्हिडिओ कॉलऐवजी फोनवर "ते मागचं बटण दाबा" असं सांगितलं जातंय, हा प्रकार घरोघरी चालतो. कोणतं बटण ते आधी सांगा.

आता किल्लीकडे येऊ. मला सगळ्यांत जास्त चीड इथे येते.

फिटर जाताना वाय-फायला पासवर्ड देऊन जातो. काय देतो? तुमचा मोबाइल नंबर. नाहीतर कंपनीचं नाव आणि पुढे १२३. नाहीतर एक ते आठ आकडे ओळीने. तुमचा मोबाइल नंबर वॉचमनकडे आहे, दूधवाल्याकडे आहे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सगळ्यांकडे आहे. पासवर्ड म्हणून यापेक्षा वाईट आकडा शोधून सापडणार नाही. आणि हा झाला बाहेरच्या दाराचा पासवर्ड. आत आणखी एक दार आहे. बॉक्सच्या खाली स्टिकर असतं, त्यावर १९२.१६८.१.१ किंवा तत्सम पत्ता लिहिलेला असतो. ब्राउझरमध्ये तो टाकला की बॉक्सचं पोट उघडतं. तिथे नाव 'ॲडमिन', पासवर्डही 'ॲडमिन'. अख्ख्या पेठेत, अख्ख्या वाडीत तोच. तिथे शिरणारा माणूस तुमचं नेट कुठे वळवायचं तेही ठरवू शकतो.

ही भीती कल्पनेतली नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने लोकांच्या घरांतले राउटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे लाखांच्या संख्येने ताब्यात घेतले. त्यासाठी कुठलीही थोर विद्या लागली नाही. कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, ती एकेक करून लावून बघितली. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला याच जाळ्याने अमेरिकेतल्या डाइन (Dyn) या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास कोलमडल्या.

त्याच्याही आधीची गोष्ट तर आपल्या दारातली आहे. २६ जुलै २००८. अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, पन्नासहून अधिक माणसं गेली. स्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. तपास यंत्रणा माग काढत पोचल्या त्या नवी मुंबईतल्या एका घरात. त्या घरच्या माणसाचा ईमेलशी काही संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कोणीतरी ते वापरलं होतं. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय शोधण्याची मोहीम जाहीर केली. एवढं होऊन इतकी वर्षं उलटली, आणि आजही आपण मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवतो. याला काय म्हणायचं?

करायचं ते एका संध्याकाळचं काम आहे. वाय-फायचा पासवर्ड मोठा ठेवा, निदान चार असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहून. घरच्यांना पाठ होतो आणि बाहेरच्याला लागत नाही. ॲडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा. सुरक्षेच्या यादीत डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडा. डब्ल्यूपीएस नावाचं बटण दिसलं तर बंद करा. आठ आकडी पिनवर चालणारी ती सोय किती कच्ची आहे हे २०११ मध्येच उघड झालं, आठ आकडी दिसणारी पिन जेमतेम अकरा हजार प्रयत्नांत सापडते. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वाय-फाय उघडा, घरातला कॅमेरा आणि स्मार्ट बल्बही त्यावरच टाका. म्हणजे स्वस्तातल्या कॅमेऱ्यातून कोणी घुसला तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणार नाही.

आणि कंपनी ॲडमिनचा पासवर्ड देत नसेल तर? पुष्कळ कंपन्या देत नाहीत. "सिस्टिम आमच्याकडून चालते" म्हणतात. दुरून दुरुस्ती करण्यासाठी त्यांना एक वाट लागते, हे मान्य. पण माझ्या घरातल्या दाराची किल्ली फक्त त्यांच्याकडे, हे मला मान्य नाही. अशा वेळी त्यांच्या बॉक्सचं वाय-फाय बंद करायला सांगा, त्याला फक्त प्रकाशाचं विजेत रूपांतर करू द्या, आणि त्यापुढे स्वतःचा राउटर लावा. दोन्ही बॉक्स एकाच वेळी राउटरगिरी करत राहिले तर गेम आणि कॅमेरे अडखळतात, म्हणून पहिल्याला 'ब्रिज' करायला सांगायचं. हा शब्द उच्चारला की पुष्कळदा "आमच्याकडे होत नाही" असं उत्तर येतं. वरच्या माणसाला विचारा. होतं.

घर मोठं असेल, वर मजला असेल, तर एका बॉक्सने भागत नाही. तिथे लोक दुकानातून एक्स्टेंडर आणतात आणि नेट येत नाही त्याच खोलीत लावतात. जिथे लहर पोचतच नाही तिथे तो पुढे काय ढकलणार? आणि साधा एक्स्टेंडर ज्या तोंडाने ऐकतो त्याच तोंडाने बोलतो, म्हणून वेग निम्म्यावर येतो. एकमेकांशी जोडलेल्या दोन-तीन बॉक्सांचं मेश त्याहून बरं. सगळ्यांत उत्तम मात्र लॅनची वायर: कॅट-६ केबल भिंतीच्या कडेने वर न्यायची, टोकाला दुसरा बॉक्स ॲक्सेस पॉइंट म्हणून लावायचा. दिसायला थोडं वाईट दिसतं, चालतं मात्र वर्षानुवर्षं.

इथे बिल्डरलाही सोडून चालणार नाही. कोटीचा फ्लॅट. इटालियन मार्बल, बाथरूममध्ये पावसासारखा शॉवर, आणि नेटच्या बॉक्ससाठी घराच्या मध्यावर एक प्लग आणि एक इंचाचा पाइप नाही. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार मानांकन देण्याचे विनियम काढले. पण हे मानांकन ऐच्छिक आहे, म्हणजे गिऱ्हाईक विचारत नाही तोवर बिल्डर हलणार नाही. फ्लॅट बघायला जाल तेव्हा मास्टर बेडरूमचं माप घेण्याआधी विचारा: फायबर कुठून येतो, आणि मध्यावर पाइप आहे का? घराचं काम काढलंच असेल तर फर्निचरवाला यायच्या आधी प्रत्येक खोलीत एक रिकामा पाइप भिंतीत गाडून घ्या. पीओपी झाल्यावर हे होत नाही.

काही सोसायट्यांची तर आणखी तऱ्हा. कमिटी एकाच ऑपरेटरला इमारतीत येऊ देते, दुसऱ्याची वायर गच्चीवरून कापली जाते. रहिवाशाने निवड करायची नाही, मिळेल ते घ्यायचं. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्या आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

वीज गेल्यावर नेट जातं, हेही अंगवळणी पडलंय. वास्तविक फायबरच्या जोडणीत कंपनीपासून तुमच्या दारापर्यंतच्या वाटेत विजेची गरजच नसते. बत्तीस-चौसष्ट घरांना प्रकाश वाटून देणारा डबा नुसत्या काचेवर चालतो. बंद पडतो तो तुमचा बॉक्स. बहुतेक बॉक्स १२ व्होल्टचे असतात, त्यांच्यासाठी तळहातात मावणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो आणि काही तास निघतात. परीक्षा ऑनलाइन देणारं मूल आणि भारनियमन असलेलं गाव, या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर हा खर्च पहिला करा. इमारतीच्या जिन्यात ऑपरेटरचा स्विच बसवलेला असेल आणि तोच विजेवर चालत असेल, तर मात्र त्यालाही बॅटरी लावून घ्यायला हवी. त्यासाठी मागे लागावं लागतं.

मागे लागण्याचीही रीत आहे. "तक्रार सोडवली" असा मेसेज येतो आणि दारात कोणी आलेलं नसतं, हा अनुभव मलाही आहे, तुम्हालाही असेल. ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक तक्रारीला डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे. तो मागा, लिहून ठेवा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथेही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, क्रमांक १९१५. आपण फोनवर ओरडतो, डॉकेट घेत नाही, आणि कंपनीच्या वहीत आपली तक्रार कधी झालेलीच नसते.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने देशात सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा नेट ही हौस होती. २०२० च्या टाळेबंदीनंतर ती हौस राहिलेली नाही. त्या वर्षी रेंजसाठी जिन्यात, गच्चीत, दाराच्या चौकटीत बसून शाळा करणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली. त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी नेट होतं. बॉक्स टीव्हीमागे होता. पोरांच्या अभ्यासाच्या टेबलापर्यंत नेट न्यायला कोणी उठलं नाही, याचा मला आजही राग येतो.

म्हणून या रविवारी एवढं करा. बॉक्स टीव्हीमागून काढून मध्यावर आणा. वायर पुरत नसेल तर फिटरला बोलवा आणि त्याच्या कामाचे पैसे द्या. बॉक्स उलटा करून स्टिकरचा फोटो काढा. दोन्ही पासवर्ड बदला. ग्राहक क्रमांक, कस्टमर केअरचा नंबर आणि 'लॉस लाल म्हणजे वायर' एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला तो कागद वाचून दाखवा. गावी आईवडिलांकडे जाल तेव्हा तिथेही हेच करा.